चाळीस ओळी

धामणगाव बढे, ता. मोताळा
२१ सप्टेंबर २००७

प्रिय यास्मीनला खालाची दुवा.

तुझं पार्सल काल दुपारी पोचलं. आत निघालं ते असं: दुकानाच्या बिलांच्या 'हरियाली' प्रोग्रामची नवी सीडी एक, कोऱ्या सीड्या दोन, प्रिंटरची रिबीन एक, खजूर अर्धा किलो. वर बत्तीस रुपयांची तिकिटं. सीड्यांचे आणि रिबीनचे तुझे किती गेले ते तू लिहिलं नाहीस. लिही, वहीत मांडून ठेवते. खजुराचे विचारत नाही. रमजानचा खजूर विकतचा धरू नये.

फोन न करता पत्र का, ते सांगते. फोन वकारच्या बैठकीत आहे. दीर असला तरी, तुझे खालू गेल्यापासूनच्या या इद्दतीत मी तिकडे बसत नाही, आणि तिथं बोललेलं सगळं घर ऐकतं. दुकानाचं कॉम्प्युटर मशीन जे इंग्रजी बोलतं ते मला तोंडाने सांगता येत नाही, अक्षर पाहून उतरवता तेवढं येतं. मॅट्रिकचं इंग्रजी तेवढ्याच कामाचं. मेकॅनिक बोलवावा तर तो परका पुरुष. डिसेंबर सरेपर्यंत मी त्याच्यासमोर जाऊ शकत नाही. तेव्हा हे दुखणं पत्रानेच बरं करायचं आहे.

मशीन दुकानातून उचलून माझ्या आतल्या खोलीत ठेवलं आहे. या महिन्यापासून लाईट फक्त दुपारी दोन ते पाच असते. काल तू सांगितलंस तशी सीडी घातली. मशीन म्हणालं, जुना हरियाली आत आहे, तो आधी काढा. जुना उघडायला गेले तर म्हणालं, हा प्रोग्राम नीट बसवलेला नाही, पुन्हा बसवा. दोन्ही वाक्यं मागच्या बाजूला जशीच्या तशी उतरवली आहेत. एक चौकोनी चिन्ह मला काढता आलं नाही.

तुझे खालू जुलैपासून म्हणत होते की मशीन बंद आहे. मी तेव्हा लक्ष दिलं नाही. आता द्यावं लागत आहे. यंदा आपल्या दुकानातून गेलेलं कपाशीचं बीटी बियाणं कितीकांच्या शेतात उगवलंच नाही, हे तू तिसऱ्या दिवशी जियारतीला आलीस तेव्हा ऐकलं असशील. तालुक्याला पंधरा नोव्हेंबरला समिती बसणार आहे. ज्याच्याकडे लॉट नंबर लिहिलेलं पक्कं बिल, त्याला कंपनीकडून भरपाई. पक्कं बिल कोणाकडेच नाही. गर्दीत यांनी कच्च्या चिठ्ठ्या दिल्या आणि संध्याकाळी बसून सगळं मशीनमध्ये भरलं. चिठ्ठ्या पावसात गेल्या. एकोणसाठ घरांची नावं त्या एका डब्यात आहेत.

कलाबाई परवा येऊन गेली. जानरावची बायको, तू तिला पाहिलं आहेस. दर आठवड्याला आपल्याकडे ताक न्यायची ती. दारात बसली आणि म्हणाली, “भाभी, दोन खेपा पेरलं, दोन्ही खेपा जमिनीतच सडलं. आता साहेब म्हनते बिल आना. कुठून आनू? जानराव खामगावले जिनिंगमंधी हमाली करू राह्यला. दुसऱ्याचा कापूस डोक्यावर घेऊन राह्यला तो.”

गावात लोक यांना बोगस बियाणंवाला म्हणतात, हे मला वकारने ऐकवलं. जनाज्याला त्या एकोणसाठांतले किती आले तेही त्याने मोजून सांगितलं. मी आकडा वहीत लिहिला नाही. ती यादी निघाली तर लोकांचा हक्क लोकांना मिळेल, आणि खोट कंपनीच्या मालात होती, माझ्या माणसात नव्हती, हे सगळ्यांना दिसेल. म्हणून लागले आहे.

जियारतीला तू मशीनला हातही लावला नाहीस. दुःखाच्या घरात बरं दिसणार नाही म्हणून असेल. आता लाव, दुरून का होईना.

तुझी खाला
नूरबी

०

औरंगाबाद
२७ सप्टेंबर २००७

खालाजान,
अस्सलाम अलैकुम.

पत्र मिळालं. सीड्यांचे पैसे लिहू नका, क्लासमधूनच आणल्या.

जुनी मशीन आहे, तिच्यात कचरा साचतो, असं होतं. कंट्रोल पॅनेलमध्ये प्रोग्राम काढायची यादी असते. तिथं हरियालीच्या नावावर जाऊन 'रिमूव्ह' दाबा. नाही जमलं तर फार त्रास घेऊ नका. मशीन फॉरमॅट करून टाकणं बरं. म्हणजे आतलं सगळं पुसायचं आणि कोऱ्या पाटीसारखं सुरू करायचं. वकारचाचाला सांगितलं तर ते मोताळ्याहून माणूस आणतील, तुम्ही आतच राहाल.

समितीला सांगता येईल की मशीन खराब झाली. मशीन खराब होते, त्यात कोणाचा दोष नसतो. तुम्ही रोज्यात आहात, इद्दतीत आहात. एवढं ओझं तुम्ही का घ्यावं?

तब्येतीची काळजी घ्या.

तुमची
यास्मीन

०

धामणगाव बढे
३ ऑक्टोबर २००७

प्रिय यास्मीन,

सांगितलंस तसं केलं. यादीत हरियालीचं नाव नाहीच. शोधून शोधून डोळे दुखले. तुझ्या सीडीत साफसफाईचा जो वेगळा प्रोग्राम आहे तोही चालवला. तो अर्ध्यात थांबला आणि म्हणाला की काढायच्या वस्तूची नोंद सापडत नाही, काम पुरं झालं नाही. मग पुन्हा नवी सीडी घातली. ती म्हणाली, जुना आत आहे.

म्हणजे एक म्हणतो 'आहे', दुसरा म्हणतो 'नाही', आणि दोघे एकाच डब्यात राहतात.

कलाबाई शेजारी बसून पाहत होती. म्हणाली, “ह्या डब्यात हायेत ना आमचे नावं? मंग आडवा करून हलवून पाहा ना भाभी. गल्ल्यातून चिल्लर निघते तसे निघतीन.” मी हसले. हे गेल्यापासून पहिल्यांदा हसले असेन. मग ती म्हणाली, “हसता काऊन? साहेबानं विचारलं तं मी काय सांगू, नावं डब्यात अटकले म्हनू?” आणि तीही हसली. ही पत्रं तीच टपालाच्या पेटीत टाकते. मी मागच्या खिडकीत दगडाखाली ठेवते, ती पहाटे बाजाराकडे जाता जाता उचलते. हात आत घालते, कधी कधी एक काकडी ठेवून जाते.

फॉरमॅटचं म्हणतेस. वकारही तेच म्हणतो. पडद्याआडून म्हणाला, “भाभी, ते डबडं भंगारात द्या. गेलेल्या माणसाचं कशाले उकरता?” मी म्हटलं, उकरत नाही, शोधते आहे. तो म्हणाला, “समिती आली का दुकानाच्या परवान्यावरच येईन. मंग खासान काय?” त्याचं खोटं नाही. परवाना त्याच्या नावावर व्हायचा आहे, आणि मला मूलबाळ नाही, मी त्याच दुकानावर जेवणार आहे. पण बेटी, अल्लाहचं जे आपल्याकडे बाकी असतं ते तो माफ करतो. बंद्याचा हक्क तो बंदाच माफ करू शकतो. एकोणसाठ घरांचा हक्क माझ्या खोलीत पडून आहे. तो पुसून मी नमाज कशी पढू?

तू ही विद्या मुलांना शिकवतेस. हे बरं होणारच नाही असं असेल तर तसं स्पष्ट लिही. होणारं असेल तर कसं ते लिही. मशीन खराब झाली हे मी समितीला सांगणार नाही, कारण ती खराब आहे की नाही हेच मला ठाऊक नाही.

तुझी खाला

०

औरंगाबाद
९ ऑक्टोबर २००७

खालाजान,

बरं होतं. लिहिते. चार दिवस लिहू की नको चाललं होतं, कारण काम किचकट आहे.

मशीनच्या आत एक मोठी नोंदवही असते, तिला रजिस्ट्री म्हणतात. कोणता प्रोग्राम कुठं ठेवला आहे, त्याचा नंबर काय, काढायचा झाला तर कोणत्या फाईलने काढायचा, हे तिच्यात लिहिलेलं असतं. तुमच्या मशीनमध्ये हरियालीचं सामान जागच्या जागी आहे, पण त्याच्या नोंदी गेल्या आहेत. असं समजा की मयत माणसाचं नाव रेशनकार्डावरून कमी करायला तुम्ही गेलात. कारकून म्हणतो, हे नाव वहीत नाहीच, कमी कुठून करू? आणि नव्या कार्डाची खिडकी म्हणते, आधी जुन्यातलं कमी करून आणा. दोन्ही खिडक्यांवर तुम्ही खरं बोलता आणि दोन्हीकडून परत येता. उपाय एकच. नाव आधी वहीत पुन्हा लिहायचं. मग ते रीतसर कमी करायचं.

इथं शहागंजात एका बियाण्याच्या दुकानात तोच प्रोग्राम आहे. त्यांच्या मशीनवरून मी नोंदी उतरवून घेतल्या. चाळीस ओळी आहेत, सोबतच्या कागदावर. नोटपॅड उघडा आणि त्या जशाच्या तशा लिहा. महिरपी कंस, तिरप्या रेघा, अवतरणचिन्हं, सगळं. एक खूण चुकली तर मशीन ऐकणार नाही. फाईलला नाव काहीही द्या, शेवटी टिंब आणि आर, ई, जी. मग तिच्यावर दोनदा टिचकी मारा. मशीन विचारेल, नोंदवहीत घालू का? हो म्हणा. त्यानंतर प्रोग्राम काढायच्या यादीत हरियाली दिसेल.

पण त्याआधी, सगळ्यात आधी, सी ड्राईव्हमधली 'डेटा' नावाची पेटी जशीच्या तशी कोऱ्या सीडीवर उतरवा. जुना काढताना तीही जाईल, आणि तुमची सगळी नावं तिच्यात आहेत. ती उघडून पाहू नका, आतल्या एकाही फाईलला हात लावू नका, अख्खी उचला.

नोंदी कशा गेल्या असतील ते शोधत बसू नका. लाईट जाण्यानेही जातात.

ईद तुमच्याशिवाय कशी जाईल कळत नाही.

यास्मीन

०

धामणगाव बढे
१७ ऑक्टोबर २००७

प्रिय यास्मीन,

ईद झाली. खीर केली नाही, शेजाऱ्यांकडून आली. मी जुनीच पांढरी साडी धुऊन नेसले.

डेटाची पेटी सीडीवर उतरली, तेवढं झालं. पण चाळीस ओळींनी मला हरवलं आहे. तीन वेळा लिहिल्या. पहिल्या वेळी अठ्ठाविसाव्या ओळीला लाईट गेली आणि सगळं गेलं. दुसऱ्या वेळी दर पाच ओळींना जपून ठेवत गेले. तिसऱ्या वेळी कलाबाईची महामाया कॉलेजातून आली होती, तिने एकेक अक्षर मोठ्याने वाचलं आणि मी खुणा करत पडताळलं. एकही चूक नाही. तरी टिचकी मारली की मशीन म्हणतं, ही नोंदवहीची फाईल नव्हे, घेता येत नाही.

महामाया म्हणाली, “खाला, ह्याले तुमचं अक्षर आवडत नसन.” कलाबाईने तिला एक रट्टा दिला.

तारीख जवळ येते आहे. मी लिहिलेली फाईल कागदावर छापून सोबत पाठवते, वरपासून खालपर्यंत. काय चुकलं ते पाहा. कलाबाई रोज विचारत नाही, पण रोज येते.

तुझी खाला

०

औरंगाबाद
२२ ऑक्टोबर २००७

खालाजान,

चाळीसच्या चाळीस ओळी बरोबर आहेत. मी अशी फाईल क्लासमधल्या मुलांकडून कधी पाहिली नाही.

पण तुम्ही एक्केचाळीस लिहिल्या आहेत. सगळ्यात वर, मधोमध, ७८६.

तुम्ही वहीचं पान, कपड्यांची यादी, मला लिहिलेल्या पत्राचा कोपरासुद्धा त्याशिवाय सुरू करत नाही, म्हणून तुम्हाला ते दिसलंही नसेल. मशीनची अट आहे की पहिली ओळ तिचीच हवी: विंडोज रजिस्ट्री एडिटर, व्हर्जन पाच. तिच्या वर काहीही असलं की ती पुढचं वाचतच नाही. तेवढी ओळ काढा. ७८६ कागदावर लिहून मशीनवर ठेवा. अल्लाह कागदावरचंही वाचतो.

मला हसू आलं आणि मग रडू आलं. खालूही असंच करायचे.

यास्मीन

०

धामणगाव बढे
२७ ऑक्टोबर २००७

यास्मीन,

झालं.

गुरुवारी दोन वाजून दहा मिनिटांनी वरची ओळ काढली. मशीनने विचारलं, घालू का? मी बिस्मिल्लाह म्हणून हो दाबलं. यादीत हरियाली आला. त्याला काढलं, एकही अडथळा न येता निघाला. तुझी सीडी घातली, नवा बसला. सीडीवरची पेटी परत ठेवली. उघडला. पडद्यावर एकोणसाठ नावं उभी राहिली, पहिलं कडूबाचं. मी शुकराण्याच्या दोन रकात नमाज पढले. मग रिबीन चढवून यादी छापली. पावणेपाचला लाईट गेली तेव्हा शेवटचं पान अर्धं बाहेर होतं, ते शुक्रवारी काढलं.

आता पुढचं.

सगळ्या बियाण्याचा लॉट एकच, चारशे सतरा. पहिली विक्री चौदा जून. शेवटची तीन जुलै.

माझ्या घरखर्चाच्या वहीत सत्तावीस जूनला लिहिलेलं आहे: दूध पाव लिटर जास्त, जानराव व तीन माणसं, चहा. ते चौघं त्या दिवशी रुमालात सडलेलं बियाणं बांधून आले होते. माझ्या लक्षात आहे, कारण चहा मी केला होता आणि रुमाल ओट्यावर उघडला तेव्हा वास आला होता. म्हणजे सत्तावीस जूनला या घराला कळलं होतं. त्यानंतर तीन जुलैपर्यंत चारशे सतराच्या एकतीस पिशव्या गेल्या. त्यांतल्या दोन तीस जूनला जानरावला. पहिलं सडलं म्हणून तो दुसरं न्यायला आला, आणि त्याला तेच दिलं.

मी यादी चार वेळा पाहिली. मशीन चुकलं असेल असं वाटलं. मग पेटी उघडली, जी उघडू नको म्हणालीस. आत एक फाईल आहे, तिचं नाव ७८६. तारीख चार जुलै, संध्याकाळ, सहा वाजून दहा मिनिटं. तिच्यात चाळीस ओळी आहेत. त्याच. स्वल्पविरामाला स्वल्पविराम जुळतो. नोंदी लाईटने गेल्या नाहीत. कोणी तरी आधी त्यांची प्रत काढून ठेवली आणि मग त्या हाताने काढल्या. या घरात फाईलला असं नाव देणारा माणूस एकच होता.

टेलिफोनच्या बिलावरून वकारशी वाद झाल्यापासून मी प्रत्येक बाहेरगावचा फोन वहीत लिहिते, हे तुला ठाऊक नसेल. चार जुलै: औरंगाबाद, यास्मीन, बावीस मिनिटं. कारणाच्या रकान्यात यांनी सांगितल्यावरून मी 'खुशाली' लिहिलं आहे. खुशालीचे फोन आपल्याकडे तीन मिनिटांचे असतात.

ती फाईल तिथं होती. तिच्यावर दोनदा टिचकी मारली असती तर महिनाभरापूर्वीच सगळं झालं असतं. तुला ठाऊक होतं, आणि तरी तू माझ्याकडून चाळीस ओळी तीन तीनदा लिहून घेतल्यास.

त्या बावीस मिनिटांत काय बोलणं झालं ते लिही. काही वगळू नको.

नूरबी

०

औरंगाबाद
३१ ऑक्टोबर २००७

खालाजान,

लिहिते. काही वगळत नाही.

खालूंनी विचारलं की एखादा प्रोग्राम उघडू नये, पण आतला माल नष्टही होऊ नये, असं करता येतं का. मी म्हटलं, नोंदी काढल्या की होतं. आधी प्रत ठेवायची, म्हणजे हवं तेव्हा परत घालता येतं. मला आवडतं असं काही विचारलेलं. मी उत्साहाने एकेक पायरी सांगितली. ते लिहून घेत होते, मध्ये मध्ये “थांब बेटा” म्हणत होते. सगळं झाल्यावर मी विचारलं की हे कशाला. ते म्हणाले, कंपनीचा माणूस सकाळी येऊन गेला. म्हणाला, यादी कोणाला दाखवू नका, आठ दिवसांत माल बदलून देतो, तोवर गप्प राहा. मी म्हटलं, मग मशीन बंद आहे असं सांगा ना. खालू म्हणाले, “खोटं कसं बोलू? कोणी विचारलं तर मशीन खरंच बंद असावी.”

मी हसले होते. म्हटलं, खालू, तुम्ही वकीलच व्हायला हवं होतं.

आठ दिवसांत माल आला नाही. नंतर दोनदा फोन केला त्यांनी, दुकानाच्या समोरच्या बूथवरून असेल, म्हणून तुमच्या वहीत नाही. आवाज बारीक झाला होता. म्हणाले, त्या ओळी परत घालाव्या म्हणतो, पण घातल्या तर लोक तारखा पाहतील. मी म्हटलं, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. वीस ऑगस्टला छातीत कळ आली ती दुकानातच, त्याच मशीनसमोर, असं तुम्ही जियारतीला सांगितलंत तेव्हा मला तिच्याकडे पाहवेना.

ती फाईल उघडा म्हटलं असतं तर तुम्ही तारीख पाहिली असती. म्हणून ओळी लिहायला लावल्या. वाटलं, यादी लोकांना मिळेल आणि खालू तुमच्याजवळ जसे होते तसे राहतील.

अजून एक वाट आहे. नव्या प्रोग्राममध्ये छापताना तारखेचा रकाना बंद करता येतो. नाव, लॉट, पिशव्या एवढंच येईल. समितीला लॉट नंबर हवा आहे, तेवढ्यावर भरपाई मिळू शकेल. तारखा दिल्यात तर दुकानाचा परवाना जाईल, वकारचाचा तुम्हाला घरात सुखाने राहू देणार नाहीत, आणि खालूंचं नाव कब्रीतही निवांत राहणार नाही. सेटिंगमध्ये तिसरी खूण काढा. एक टिचकी आहे.

मला माफ करा असं कोणत्या तोंडाने लिहू.

यास्मीन

०

धामणगाव बढे
६ नोव्हेंबर २००७

प्रिय यास्मीन,

तुझं पत्र शनिवारी पोचलं. रविवारी मी तिसरी खूण शोधली. आहे तिथं. काढून पाहिली. यादी फार स्वच्छ दिसते.

मग पुन्हा लावली. तू मला शिकवलंस की नोंद गेली की वस्तू काढताही येत नाही आणि वापरताही येत नाही, ती नुसती जागा अडवून बसते. तारखा काढल्या तर तुझे खालू माझ्याकडे तसेच राहतील. मी त्यांच्यासाठी मगफिरत मागायची, तर कशाची मागू? गुन्ह्याचं नाव न घेता माफी कशी मागतात ते मला येत नाही.

त्यांनी प्रत ठेवली होती, हे मी धरून आहे. पुसायचंच असतं तर माणूस प्रत ठेवत नाही. तेवढं एक माझ्याजवळ आहे. ते मी कोणाला सांगत नाही, कारण ते एकतीस पिशव्यांच्या बदल्यात पुरत नाही.

काल कलाबाईला बोलावलं. महामाया सोबत होती, वाचायला. मी पूर्ण यादी तिच्या हातात दिली. महामाया मोठ्याने वाचू लागली. “जानराव. चौदा जून, लॉट चारशे सतरा, पिशव्या दोन.”

“बराबर,” कलाबाई म्हणाली.

“तीस जून, लॉट चारशे सतरा, पिशव्या…” महामाया थांबली. “माय, तोच नंबर हाय.”

“दुसरा असन, नीट पाय.”

“तोच हाय.”

कलाबाई माझ्याकडे पाहू लागली. “दुकानात भाऊ म्हने, कलाबाई, हे येगळं हाय, हे उगवन. मी सोता उभी होती तिथं.” मग म्हणाली, “त्यायले मालूम होतं?”

मी म्हटलं, “हो.”

“तुमाले?”

मला नाही म्हणता आलं असतं. मी म्हटलं, “रुमालातलं बियाणं मी पाहिलं होतं. चहा मी दिला. पुढं दुकानात काय विकलं जातंय ते मी विचारलं नाही.”

तिने कागदाच्या चार घड्या केल्या आणि पिशवीत ठेवल्या. मी तोंड उघडलं तसा तिने हात वर केला. म्हणाली, “भाभी, माफी मांगू नका. आत्ता मांगसान तं मी नाही म्हनीन. मंग ते नाहीच राहीन.” उठताना तिने गुडघ्यावर हात टेकला, मी हात पुढे केला तो घेतला नाही. महामाया मात्र दारातून वळून पाहत गेली. ताकाचा तांब्या इथंच राहिला आहे.

बाकी अठ्ठावन्न घरांना यादी तीच दाखवणार आहे. पंधराला ती समितीसमोर जाईल, तारखांसकट. वकारला मी संध्याकाळी पडद्याआडून सगळं सांगितलं. मग त्याने दुकानाची किल्ली आत सरकवली, फरशीवरून. म्हणाला, “ठेवा तुमच्याजवळच. आता उघडून काय करायचं.” मी ती नमाज पढायच्या जानमाजच्या खाली ठेवली आहे.

तुझं मी काय म्हणू? तू शिकवलंस म्हणून झालं, आणि तू शिकवलंस म्हणूनच परत निघालं. माझं तुझ्याकडे काही बाकी नाही. एकोणसाठांचं असेल, ते त्यांनाच विचारावं लागेल. डिसेंबरनंतर ये, आपण दोघी दारोदार जाऊ. नवा हरियाली आता एका टिचकीत निघतो. अजून काढलेला नाही, समिती होईपर्यंत राहू देते.

हे पत्र नेहमीसारखं मागच्या खिडकीत दगडाखाली ठेवते आहे. कलाबाई कालपासून या गल्लीतून गेली की दुसऱ्या, मला ठाऊक नाही. मी बाहेर पाऊल टाकून पाहू शकत नाही. सकाळी पत्र तिथं नसलं तरी मला काही कळणार नाही. वकारही ते उचलून चुलीत टाकू शकतो. ते पेटीत टाकणारं या गावात माझं एकच माणूस होतं.

तेव्हा जास्त काही लिहू नकोस. तुझ्या हातात हे पडलं, एवढंच उलट टपाली कळव.

तुझी खाला
नूरबी